ईकेएसचे नोड क्लस्टरमध्ये येत नाहीत: घोडं कुठे पेंड खातंय ते असं शोधा

क्लस्टर ‘अ‍ॅक्टिव्ह’ झालेला असतो. त्यातला नोड ग्रुप, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या मशीनचा (नोडचा) गट, मात्र बराच वेळ ‘क्रिएटिंग’वर घुटमळतो, मग ‘क्रिएट फेल्ड’ होतो आणि खाली एकच ओळ उमटते: ‘इन्स्टन्सेस फेल्ड टू जॉइन द कुबरनेटिस क्लस्टर’. अ‍ॅमेझॉनच्या ईकेएसवर (कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटिस प्रणालीच्या तयार सेवेवर) हा बिघाड मी वेगवेगळ्या टीमसाठी इतक्यांदा काढून दिलाय की फोन आल्यावर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: नोड ग्रुप डिलीट तर नाही ना केलात? बहुतेकांनी केलेला असतो. पुन्हा तोच बनवायचा, पुन्हा वाट बघायची, पुन्हा तीच ओळ. फसलेला नोड ग्रुप डिलीट केला की त्यातले इन्स्टन्स, म्हणजे भाड्याची आभासी मशीन, जातात आणि त्यांच्याबरोबर लॉगही जातात. खरं उत्तर त्या लॉगमध्येच असतं. म्हणून ही पोस्ट वाचून होईपर्यंत काहीही डिलीट करू नका.

एक गोष्ट डोक्यात पक्की असली की पुढचं सगळं सोपं जातं. क्लस्टर नोडला शोधत येत नाही, नोडच क्लस्टरकडे जातो. मशीन सुरू होतं, त्यावरचा क्यूबलेट, म्हणजे कुबरनेटिसचा एजंट, एपीआय सर्व्हरचा (क्लस्टरच्या प्रवेशद्वाराचा) पत्ता शोधतो, ४४३ पोर्टवर जोडणी करतो, आपला आयएएम रोल (एडब्ल्यूएस या क्लाउडमधली, परवानग्या जोडलेली ओळख) दाखवून ओळख पटवतो, मग त्याची नोंद होते. नोंद झाल्यावर नेटवर्क प्लगइन, म्हणजे सीएनआय, उभं राहतं आणि तेव्हा कुठे नोड ‘रेडी’ होतो. यातल्या कुठल्याही पायरीवर अडलं तरी बाहेरून चित्र जवळपास सारखंच दिसतं.

लक्षणं

आधी ईसीटूच्या (आभासी मशीन देणाऱ्या सेवेच्या) यादीत बघा आणि ‘क्यूबसीटीएल’ या कुबरनेटिसच्या कमांडने ‘क्यूबसीटीएल गेट नोड्स’ चालवा. या दोन्हींची उत्तरं शेजारी ठेवली की तुम्ही कुठल्या गटात आहात ते कळतं.

इन्स्टन्सच दिसत नाहीत, किंवा सुरू होऊन लगेच ‘टर्मिनेटेड’ होतात: अडचण कुबरनेटिसपर्यंत पोचलेलीच नाही. तपासणी १ आणि २ पुरेत.

इन्स्टन्स ‘रनिंग’ आहेत, पण नोडची यादी रिकामी: अडचण नेटवर्कच्या रस्त्यात, ओळखीत किंवा बूटस्ट्रॅपमध्ये (मशीन सुरू होताना चालणाऱ्या तयारीत). सगळ्यात जास्त फोन याच गटाचे येतात. तपासणी ३ ते ६.

नोड दिसतो पण ‘नॉटरेडी’, आणि डिस्क्राइब केल्यावर ‘सीएनआय प्लगइन नॉट इनिशलाइज्ड’: तपासणी ३ आणि ७.

काही नोड येतात, काही येत नाहीत: थेट तपासणी ५, राउट टेबल.

आठवडेच्या आठवडे नीट चाललं आणि आता पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचं एकक) ‘कंटेनरक्रिएटिंग’वर अडकतात, इव्हेंटमध्ये ‘फेल्ड टू असाइन अ‍ॅन आयपी अ‍ॅड्रेस टू कंटेनर’: तपासणी ७.

‘क्यूबसीटीएल’ तुम्हालाच ‘यू मस्ट बी लॉग्ड इन टू द सर्व्हर’ म्हणत असेल तर तो वेगळा आजार आहे. तिथे नोडची नव्हे, तुमची ओळख पटत नाहीये. क्लस्टर ज्या आयएएम ओळखीने बनवला तिला सहसा अ‍ॅडमिन हक्क मिळतात, टीममधल्या बाकीच्यांना ते द्यावे लागतात. ते आधी मिटवा, नाहीतर पुढचं काही दिसणारच नाही.

१. हेल्थ इश्यूज वाचा

पैसे शून्य, वेळ दोन मिनिटं, तरीही हे वाचणारे कमी. कन्सोलमध्ये नोड ग्रुप उघडून ‘हेल्थ इश्यूज’ बघा, किंवा सीएलआयवरून (कमांड लाइनवरून) ‘डिस्क्राइब नोडग्रुप’ चालवा. ‘नोड क्रिएशन फेल्युअर’ हा कोड मोघम आहे, त्यातून काही हाती लागत नाही. पण कधीकधी नेमका कोड येतो. ‘ईसीटू सबनेट इन्व्हॅलिड कॉन्फिगरेशन’ म्हणजे नोड ग्रुप पब्लिक सबनेटमध्ये (नेटवर्कच्या थेट इंटरनेटला जोडलेल्या तुकड्यात) टाकलाय आणि त्या सबनेटवर पब्लिक आयपी आपोआप देण्याची सेटिंग बंद आहे. २०२० च्या एप्रिलपासून ही सेटिंग सबनेटवर असावी लागते, नोड ग्रुप स्वतः ते काम करत नाही. जुने लेख बघून सेटअप करणारे इथे हमखास अडकतात. ‘इन्सफिशियंट फ्री अ‍ॅड्रेसेस’ आला तर सबनेटमधले आयपी संपलेत, तपासणी ७ वर जा.

२. ऑटोस्केलिंगची अ‍ॅक्टिव्हिटी हिस्टरी

मॅनेज्ड नोड ग्रुपच्या पोटात एक ऑटोस्केलिंग ग्रुप (मशीनची संख्या आपोआप राखणारा गट) असतो. त्याच्या अ‍ॅक्टिव्हिटी टॅबमध्ये इन्स्टन्स का सुरू झाला नाही ते स्पष्ट लिहिलेलं असतं. इथे मला दोन कारणं पुन्हापुन्हा दिसतात.

पहिलं, व्हीसीपीयूचा (आभासी सीपीयूचा) कोटा. ईसीटूची मर्यादा इन्स्टन्सच्या संख्येवर नसून व्हीसीपीयूवर मोजली जाते, आणि नव्या खात्यात ती फार कमी असू शकते. ‘सर्व्हिस कोटाज’मधून वाढवून मागा. अर्ज फुकट आहे, पण मंजुरी त्याच क्षणी मिळेल असं धरून चालू नका. उद्या डेमो असेल तर आज मागा.

दुसरं जरा लपून बसतं. इन्स्टन्स सुरू होतो आणि काही सेकंदांत ‘क्लायंट डॉट इंटर्नल एरर’ देऊन मरतो. हे दिसलं की ईबीएस डिस्कचं एन्क्रिप्शन बघा. स्वतःची केएमएस की (एन्क्रिप्शनची चावी) वापरली असेल आणि त्या कीच्या पॉलिसीत ऑटोस्केलिंगच्या सर्व्हिस-लिंक्ड रोलला परवानगी नसेल, तर डिस्क उघडतच नाही. की दुसऱ्या खात्यात असेल तर परवानगीच्या जोडीला ग्रँटही (की वापरण्याची वेगळी मंजुरी) द्यावी लागते.

३. नोडचा आयएएम रोल

रोलवर तीन गोष्टी हव्यात: ‘ईकेएस वर्कर नोड पॉलिसी’, ईसीआरमधून (एडब्ल्यूएसच्या कंटेनर इमेजच्या साठ्यातून) इमेज वाचण्याची पॉलिसी आणि ‘ईकेएस सीएनआय पॉलिसी’. ट्रस्ट पॉलिसीत, म्हणजे हा रोल कोण वापरू शकतं ते सांगणाऱ्या पॉलिसीत, ईसीटू सेवेचं नाव हवं. रोल ‘ईकेएससाठी’ बनवायचा म्हणून लोक ट्रस्टमध्ये ईकेएसचं नाव टाकतात. तो क्लस्टरचा रोल झाला, नोडचा वेगळा.

तिन्ही का लागतात ते लक्षात ठेवलं तर लक्षणावरून कुठली सुटली ते ओळखता येतं. पहिली नसेल तर नोडला स्वतःबद्दलची ईसीटू माहितीच विचारता येत नाही. ईसीआरची नसेल तर नोडची नोंद होते, पण सीएनआयची इमेज उतरत नाही, म्हणून ‘नॉटरेडी’. सीएनआयची नसेल तर इमेज उतरते, पॉड सुरूही होतो, पण त्याला नेटवर्क कार्ड जोडता येत नाही आणि तो पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत राहतो. ही शेवटची पॉलिसी नोडवर न ठेवता सीएनआयच्या सर्व्हिस अकाउंटला (त्या पॉडच्या स्वतःच्या ओळखीला) देणं जास्त चांगलं. मात्र पहिल्या सेटअपच्या दिवशी तो घाट घालू नका, आधी नोड उभे राहू द्या.

४. ओळख: एडब्ल्यूएस-ऑथ आणि अ‍ॅक्सेस एंट्री

हा बिघाड एकदा दुरुस्त केला तरी परत येतो, म्हणून इथे थोडं थांबतो.

क्लस्टरला ‘हा आयएएम रोल म्हणजे आपला नोड’ हे दोन ठिकाणांहून कळू शकतं. जुनी पद्धत म्हणजे क्यूब-सिस्टिम नेमस्पेसमधला ‘एडब्ल्यूएस-ऑथ’ नावाचा कॉन्फिगमॅप (क्लस्टरमध्ये साठवलेली सेटिंगची नोंद). नवी, म्हणजे डिसेंबर २०२३ पासूनची, पद्धत म्हणजे अ‍ॅक्सेस एंट्री. मॅनेज्ड नोड ग्रुप बनवताना ही नोंद ईकेएस स्वतः करतं. मग ती जाते कुठे?

होतं असं की नव्या सहकाऱ्याला प्रवेश द्यायचा असतो. कुणीतरी इंटरनेटवरून कॉन्फिगमॅपचा नमुना उचलतो, त्यात सहकाऱ्याचं नाव घालतो आणि ‘क्यूबसीटीएल अप्लाय’ करतो. आधीचा ‘मॅपरोल्स’चा मजकूर पुसला जातो आणि त्यातच नोडच्या रोलची ओळ असते. टेराफॉर्ममध्ये (कोड लिहून सेटअप करण्याच्या साधनात) तोच कॉन्फिगमॅप वेगळा लिहून ठेवला असेल तर प्रत्येक ‘अप्लाय’ला हेच. नवे नोड तर येत नाहीतच, पण थोड्या वेळाने जुने, चालते नोडही एकेक करून ‘नॉटरेडी’ होऊ लागतात, कारण त्यांचीही ओळख आता पटत नसते. कालपर्यंत सगळं ठीक होतं आणि आज सगळेच नोड आडवे, असं चित्र दिसलं की नेटवर्ककडे वळण्याआधी हा कॉन्फिगमॅप उघडा.

तिथे बघायचं काय? रोलचा एआरएन (एडब्ल्यूएसमधलं पूर्ण नाव) हवा, इन्स्टन्स प्रोफाइलचा नको. ‘अझ्यूम्ड-रोल’ असा शब्द असलेला एआरएनही चालत नाही. रोलच्या नावाआधी पाथ असेल तर या कॉन्फिगमॅपमध्ये तो पाथ काढून लिहावा लागतो. ग्रुप दोन लागतात, ‘सिस्टिम:बूटस्ट्रॅपर्स’ आणि ‘सिस्टिम:नोड्स’. आणि यामलची, म्हणजे ही फाइल ज्या स्वरूपात लिहितात त्याची, इंडेंटेशन. एक स्पेस इकडेतिकडे झाली तरी एरर येत नाही, ओळ फक्त वाचली जात नाही.

माझं मत विचाराल तर नव्या क्लस्टरमध्ये कॉन्फिगमॅपच्या वाटेला जाऊच नका, अ‍ॅक्सेस एंट्री वापरा. प्रत्येक नोंद स्वतंत्र असल्यामुळे एक घालताना दुसरी पुसली जात नाही. स्वतः सांभाळलेल्या लिनक्स नोडसाठी एंट्रीचा प्रकार ‘ईसीटू लिनक्स’ ठेवा. फक्त एक ध्यानात घ्या, ऑथेंटिकेशन मोड कॉन्फिगमॅपकडून एपीआयकडे नेता येतो, परत आणता येत नाही. चालू क्लस्टरवर आधी दोन्हींचा एकत्र मोड घ्या आणि काही दिवस तसंच चालू द्या.

५. रस्ता: सबनेट, राउट, एंडपॉइंट, डीएनएस

नोडला एपीआय सर्व्हर, ईसीआर, एस-थ्री (एडब्ल्यूएसचा फाइलसाठा) आणि ईसीटूची एपीआय इथपर्यंत पोचता आलं पाहिजे. 

राउट टेबलपासून सुरुवात करा. प्रायव्हेट सबनेटचा ०.०.०.०/० हा राउट नॅट गेटवेकडे (आतल्या मशीनना इंटरनेटवर नेणाऱ्या दाराकडे) गेला पाहिजे आणि तो नॅट गेटवे स्वतः पब्लिक सबनेटमध्ये असला पाहिजे. नॅट गेटवे प्रायव्हेट सबनेटमध्येच बनवून ठेवलेला मी कितीदा तरी पाहिलाय. कन्सोल तो ‘अव्हेलेबल’ दाखवतं, राउटही हिरवा दिसतो, बाहेर मात्र काहीच जात नाही.

‘तीनपैकी दोन नोड आले’ याचं उत्तरही इथेच. मुंबई रीजनमध्ये तीन झोन आहेत, तिन्हींत सबनेट बनवलं, पण तिसरं सबनेट आपल्या राउट टेबलला जोडायचं राहिलं. जे सबनेट कशाला जोडलेलं नाही ते गुपचूप व्हीपीसीच्या (तुमच्या खाजगी नेटवर्कच्या) मेन राउट टेबलवर जातं आणि तिथे नॅटचा राउट नसतो. ‘एक्स्प्लिसिट असोसिएशन’चा कॉलम बघितला की हे लगेच दिसतं.

पुढे क्लस्टरचा एंडपॉइंट, म्हणजे एपीआय सर्व्हरचा पत्ता. सुरक्षेसाठी पब्लिक एंडपॉइंट ठेवून त्यावर फक्त ऑफिसचा आयपी मोकळा केला असेल आणि प्रायव्हेट अ‍ॅक्सेस बंद असेल, तर नोडही बाहेरच्यांतच मोजले जातात. ते नॅटच्या आयपीवरून येतात आणि तो आयपी यादीत नसतो. तुमच्या लॅपटॉपवरून सगळं मख्खन चालतं, त्यामुळे शंकाही येत नाही. उपाय: प्रायव्हेट अ‍ॅक्सेस सुरू करा. मग नोडची वाहतूक व्हीपीसीच्या आतूनच जाते.

प्रायव्हेट अ‍ॅक्सेस सुरू करूनही अडलं तर व्हीपीसीवर ‘डीएनएस सपोर्ट’ आणि ‘डीएनएस होस्टनेम्स’ दोन्ही चालू आहेत का बघा. हाताने बनवलेल्या व्हीपीसीत दुसरं बहुधा बंद सापडतं. डीएचसीपी ऑप्शनमध्ये ऑफिसचा स्वतःचा डीएनएस सर्व्हर दिला असेल तर आणखी एक गंमत होते. नाव उलगडतं, पण आतला पत्ता न मिळता बाहेरचा मिळतो आणि नोड पुन्हा त्याच बंद दाराशी जातो.

ज्यांच्याकडे नॅटच नाही, सगळं व्हीपीसी एंडपॉइंटवर (इंटरनेटविना एडब्ल्यूएसच्या सेवांकडे नेणाऱ्या दारांवर) आहे, त्यांना ही दारं लागतात: ईसीटू, एसटीएस (तात्पुरती ओळख देणारी सेवा), ईसीआरचे दोन्ही (एपीआय आणि डीकेआर) आणि एस-थ्रीचा गेटवे. एस-थ्री विसरला जातो, कारण ‘आम्ही एस-थ्री वापरतच नाही’. पण ईसीआरमधल्या इमेजचे थर एस-थ्रीवरूनच उतरतात. तो नसला की इमेज पुल सुरू होतो आणि टाइमआउटपर्यंत लोंबकळत राहतो. एंडपॉइंटच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये नोडकडून ४४३ आत येऊ द्यायला हवं, हेही पाहा.

सिक्युरिटी ग्रुपबद्दल थोडक्यात: नोडकडून कंट्रोल प्लेनला (एपीआय सर्व्हर असलेल्या क्लस्टरच्या मेंदूला) ४४३, कंट्रोल प्लेनकडून नोडला १०२५०. दुसरा बंद असेल तर नोड ‘रेडी’ असतो, पण ‘क्यूबसीटीएल लॉग्ज’ आणि ‘एक्झेक’ लटकतात. नेटवर्क एसीएलला हात लावला असेल तर परतीच्या वाहतुकीसाठी १०२४ ते ६५५३५ पोर्ट मोकळे लागतात. हात लावला नसेल तर लावू नका.

६. नोडच्या आत शिरा

इथपर्यंत सगळं कन्सोलवर बसून झालं. आता सेशन मॅनेजरने (ब्राउझरमधून मशीनवर शिरण्याच्या एडब्ल्यूएसच्या साधनाने) नोडवर जा. त्यासाठी रोलवर ‘एसएसएम मॅनेज्ड इन्स्टन्स कोअर’ पॉलिसी लागते. सेशन मॅनेजरलाही नोड दिसत नसेल आणि पॉलिसी असेल, तर तोच मोठा पुरावा: नोडला बाहेर जायला रस्ता नाही, तपासणी ५ वर परत जा.

आत गेल्यावर ‘जर्नलसीटीएल’ने क्यूबलेटचा लॉग काढा. ‘आय/ओ टाइमआउट’ म्हणजे रस्ता बंद. ‘नो सच होस्ट’ म्हणजे डीएनएस. ‘अनऑथराइज्ड’ म्हणजे रस्ता मोकळा, ओळख पटत नाही, तपासणी ४. याच नोडवरून एपीआय एंडपॉइंटला ‘कर्ल’ कमांडने एक विनंती मारा. काहीही उत्तर आलं, अगदी ४०१ किंवा ४०३ आलं, तरी नेटवर्क निर्दोष सुटलं.

क्यूबलेट सुरूच झाला नसेल तर ‘व्हार/लॉग’मधली क्लाउड-इनिटची आउटपुट फाइल बघा. स्वतःची एएमआय (मशीनची तयार इमेज) किंवा लाँच टेम्प्लेट वापरणाऱ्यांचं घोडं इथे अडतं. अ‍ॅमेझॉन लिनक्स २ मध्ये ‘बूटस्ट्रॅप’ स्क्रिप्टला क्लस्टरचं नाव दिलं की काम भागायचं. अ‍ॅमेझॉन लिनक्स २०२३ मध्ये ती स्क्रिप्टच नाही. तिथे ‘नोडएडीएम’ आहे आणि त्याला यामलमध्ये क्लस्टरचं नाव, एपीआयचा पत्ता, सर्टिफिकेट आणि सर्व्हिस सीआयडीआर (सेवांसाठीच्या आयपी पत्त्यांची श्रेणी) द्यावं लागतं. लिनक्स २ वरच्या ईकेएस एएमआयचा आधार २६ नोव्हेंबर २०२५ ला संपला, कुबरनेटिस १.३३ पासून तर त्या निघतच नाहीत. त्यामुळे जुना युझर डेटा (मशीन सुरू होताना चालणारी स्क्रिप्ट) तसाच नव्या एएमआयला चिकटवणारे बरेच दिसतात. जाता जाता आवृत्तीही बघा: क्यूबलेट एपीआय सर्व्हरपेक्षा मागे असलेला चालतो, पुढे असलेला चालत नाही.

७. आयपी संपलेत का

ईकेएसच्या नेहमीच्या सीएनआयमध्ये प्रत्येक पॉडला व्हीपीसीतला खराखुरा आयपी मिळतो. त्याचं गणित आधी कुणी मांडत नाही.

/२४ चं सबनेट म्हणजे २५६ पत्ते, त्यातले पाच एडब्ल्यूएस राखून ठेवतं, उरले २५१. एम-फाइव्ह लार्जला तीन नेटवर्क कार्ड, प्रत्येकी दहा पत्ते. सीएनआय एक पूर्ण कार्ड कायम मोकळं हाताशी ठेवतं, त्यामुळे मोजके पॉड असलेला नोडही सहज वीस पत्ते अडवून बसतो. असे बारा नोड झाले की सबनेट भरलं. पॉड मोजत बसलात तर कोडं सुटणार नाही, सबनेटचा ‘अव्हेलेबल आयपी’ कॉलम बघा. अपग्रेडच्या वेळी जुने नोड असतानाच नवे येतात, म्हणून वर्षभर गप्प असलेला हा बिघाड नेमका अपग्रेडच्या रात्री उपटतो.

नोडवर किती पॉड मावतात तेही यावरच ठरतं: कार्डांची संख्या गुणिले (प्रत्येकी पत्ते वजा एक), अधिक दोन. एम-फाइव्ह लार्जवर २९, टी-थ्री मीडियमवर १७, टी-थ्री मायक्रोवर फक्त ४. मायक्रोवर सिस्टिमचेच पॉड जागा खातात, तुमच्या अ‍ॅप्लिकेशनला काही उरत नाही. शिकण्यासाठीसुद्धा मीडियमच्या खाली जाऊ नका.

स्वस्त उपाय म्हणजे सीएनआयचं ‘वॉर्म आयपी टार्गेट’ लावून राखीव साठा कमी करणं. सबनेट एकदा बनवलं की मोठं करता येत नाही. त्यामुळे कायमचा उपाय म्हणजे व्हीपीसीला दुसरा सीआयडीआर जोडून, सहसा १००.६४.०.०/१० मधला, नवी सबनेट उघडणं. प्रीफिक्स डेलिगेशनने (एकेक पत्ता न देता पत्त्यांचे गठ्ठे देण्याच्या पद्धतीने) नोडवर पॉड जास्त मावतात, पण ते /२८ चे सलग तुकडे मागतं. आधीच तुकडे तुकडे झालेल्या सबनेटवर ते लावलं तर दुखणं वाढतं.

थांबायचं कधी, बोलवायचं कुणाला

प्रॉडक्शनचे चालते नोड ‘नॉटरेडी’ होऊ लागले तर प्रयोग बंद. नोड रीस्टार्ट करू नका, ऑटोस्केलिंगला नवे आणू देऊ नका. जुन्या नोडवरचे कंटेनर बऱ्याचदा अजून चालू असतात, बदललेला नोड मात्र आत येऊच शकणार नाही. ज्याच्याकडे क्लस्टर अ‍ॅडमिनचे हक्क आहेत त्याला उठवा.

वाहतूक ट्रान्झिट गेटवेतून (अनेक नेटवर्क जोडणाऱ्या केंद्रातून), कंपनीच्या फायरवॉलमधून जात असेल तर राउट तुम्ही बदलू नका. नेटवर्क टीमकडे जा, पण ‘नेट चालत नाही’ असं सांगत नको. कुठल्या आयपीवरून, कुठल्या आयपीला, कुठल्या पोर्टवर, किती वाजता, आणि व्हीपीसी फ्लो लॉगमधली ‘रिजेक्ट’ची ओळ, एवढं घेऊन जा.

केएमएस की, सर्व्हिस कंट्रोल पॉलिसी (कंपनीने सगळ्या खात्यांवर घातलेली मर्यादा) किंवा दुसऱ्याच्या खात्यातला रोल आडवा येत असेल तर तो क्लाउड अ‍ॅडमिनचा प्रांत आहे. परवानगीत सगळीकडे ‘स्टार’ (म्हणजे सगळ्याला मुभा) टाकून बघणं हा उपाय नव्हे. ते स्टार नंतर कुणी काढत नाही.

सातही तपासण्या होऊन लॉगमध्ये ठोस काही दिसत नसेल तर सिस्टिम्स मॅनेजरमधलं ‘एडब्ल्यूएस सपोर्ट ट्रबलशूट ईकेएस वर्कर नोड’ हे रनबुक (तयार तपासणी-क्रम) एकदा चालवा, आणि मग एडब्ल्यूएस सपोर्टला केस घाला किंवा ईकेएस नित्य सांभाळणारा माणूस गाठा. बेसिक सपोर्टवर तांत्रिक केस उघडत नाही, हे ऐन वेळी कळलं तर पंचाईत होते, म्हणून आपला प्लॅन आजच बघून ठेवा. केसला रनबुकचा अहवाल आणि नोडवरच्या ‘इटीसी/ईकेएस’मधल्या लॉग कलेक्टर स्क्रिप्टचं बंडल जोडा. ते जोडलं नाही तर पहिलं उत्तर तेच मागणारं येतं आणि एक दिवस जातो.

बंडल हाताशी आल्यावर फसलेला नोड ग्रुप काढायला हरकत नाही. तोवर त्यातले इन्स्टन्स बिल खातच असतात. क्लस्टरही नको असेल तर तोही काढा: नुसत्या कंट्रोल प्लेनचे तासाला ०.१० डॉलर, म्हणजे महिन्याला सुमारे ७३ डॉलर लागतात, आणि आवृत्ती जुनी होऊन एक्स्टेंडेड सपोर्टमध्ये गेली तर तासाला ०.६०. नॅट गेटवे आणि त्याचा इलॅस्टिक आयपी क्लस्टरबरोबर आपोआप जातीलच असं नाही. हाताने बनवले असतील तर व्हीपीसीच्या पानावर जाऊन तुम्हालाच काढावे लागतील.